सगळ्यांची मिळून दांडी

आमच्याकडे बारावीचं वर्ष बोर्डाच्या परीक्षेला संपत नाही, गॅदरिंगला संपतं. त्यानंतर प्रीलिम असते, जर्नलवर सह्या घ्यायला मुलं स्टाफरूमच्या दाराशी उभी असतात, तोंडी परीक्षेचे दिवस लागतात, हे सगळं खरं. पण डिसेंबरअखेर साडी डे, टाय डे झाले, स्टेजवरचा मांडव उतरला, की वर्ग मनाने सुटलेला असतो. आणि खरोखर सुटायच्या आधी एक दिवस तो सगळाच्या सगळा गायब होतो. तारीख ठरलेली नसते, कुणी पत्रक काढत नाही, तरी महाड-पोलादपूर पट्ट्यात मी शिकवायला लागले तेव्हापासून कित्येक वर्षं हा दिवस न चुकता आला. मुलं त्याला मासबंक म्हणतात. आमचे जुने शिपाईमामा दारात येऊन सांगायचे, "मॅडम, आज बारावी उठली." पंगत उठावी तशी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. कला शाखा, त्यात थोडी वाणिज्यची मुलं. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. इतकी वर्षं ज्या दिवसाचा राग राग केला, त्याच्याबद्दल आता बसून लिहावंसं वाटतं, कारण अलीकडे तो येईनासा झालाय.

मासबंकचं गणित सोपं आहे, पण जमवायला अवघड. सगळ्यांनी जायचं, एकानेही बसायचं नाही. चार मुलं जरी वर्गात बसली तरी शिक्षक तास घेतात, पोर्शन पुढे सरकतो आणि बाकीच्यांच्या नावापुढे लाल शाईचा 'ए' पडतो. सगळेच गेले तर कुणाकुणावर कारवाई करणार? ऐंशी मुलांची हॉलतिकिटं कुणी अडवत नाही. हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि आम्हाला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत असतं. त्यामुळे खरी मेहनत घेतात ती आपल्यातल्याच मुलांवर. पहिल्या बाकावरची, कधी तास न बुडवणारी. वडील याच संस्थेत शिक्षक असलेली. घरी खोटं बोलता येत नाही अशी. या मनधरण्या आठवडाभर एसटी स्टँडवर चालायच्या, कॅन्टीनमधल्या वडापावच्या प्लेटभोवती. मी माझ्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेली असायचे. मला बघून आवाज खाली यायचा, आणि मला कळायचं की दिवस जवळ आला.

जायचं कुठे हे पैशावर ठरायचं, आणि पासवर. मुलींना पुढे अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत झाला, मुलांना सवलतीचा. पण पासवर मार्ग लिहिलेला असतो. गाव ते कॉलेज, एवढंच. पोलादपूरकडून येणाऱ्या पोराचा पास रायगडाच्या रस्त्याला चालत नाही. म्हणून रायगड हा श्रीमंतांचा बंक. 1996 साली रोपवे सुरू झाल्यावर तर जास्तच, कारण पायऱ्या चढून जाण्यात मग कमीपणा वाटायला लागला. पोलादपूरच्या बाजूची मुलं आंबेनळी घाटाने प्रतापगडाला जायची. एखादी धाडसी बॅच थेट महाबळेश्वर गाठून, स्ट्रॉबेरी खाऊन, संध्याकाळची गाडी जेमतेम पकडून यायची. ज्यांच्याकडे काहीच नाही ते गांधारपाल्याची लेणी चढायचे. फुकट आणि चालत जाण्यासारखं. तोटा एवढाच, की लेणी हायवेच्या वर आहेत आणि खालून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून वरचे रंगीत शर्ट दिसतात. आमच्या एका सहकाऱ्यांनी तिथूनच अख्खी बॅच ओळखली होती.

पण सगळ्यांची आवडती जागा सव. सावित्रीच्या काठावरचं छोटं गाव आणि तिथले गरम पाण्याचे झरे. दुसरी वाळणकोंड. बिरवाडीच्या पुढे काळ नदीतला तो खोल डोह, देवीचा म्हणून कुणी मासे धरत नाही, आणि कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. या दोन्ही जागा माझ्या विषयातल्या. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून पालीजवळचं उन्हेरे, मग सव, दापोलीकडचं उन्हवरे, पुढे संगमेश्वराकडचे झरे, ही कोकणातली गरम झऱ्यांची रांग मी फळ्यावर नकाशा काढून दरवर्षी शिकवते. मुलं जांभया देत उतरवून घेतात. आणि बंक मारून जातात कुठे, तर त्याच नकाशातल्या टिंबावर.

मला वाटलं, मग आपणच का नेऊ नये? भूगोलात क्षेत्रभेट असतेच. मी रीतसर प्रस्ताव दिला, मंजुरी आली, पालकांची संमतीपत्रं छापून घेतली, डिसेंबरातच सवला क्षेत्रभेट ठेवली. म्हटलं, बंकही होईल आणि जर्नलमध्ये एक प्रात्यक्षिकही. आली वीसेक मुलं, त्यातल्या मुली जास्त. थर्मामीटर पाण्यात धरलं, तापमान लिहून घेतलं, गावातल्या एका आजोबांची मुलाखत घेतली. सगळं छान झालं आणि कुणालाच मजा आली नाही. दोन आठवड्यांनी बारावी उठली आणि पुन्हा सवलाच गेली, आणि यावेळी सगळी. मी चिडून विचारलं तर एक मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडम, तेव्हा तुम्ही नेलं होतं." पुढे मी क्षेत्रभेट ऑगस्टात ठेवायला लागले. बंकशी स्पर्धा करायची नाही, हे ठरवून टाकलं.

बाहेरच्या जगात हा दिवस काही ठिकाणी राजरोस आहे. पोलंडमध्ये 21 मार्च, वसंताचा पहिला दिवस, शाळकरी पोरांचा दांडीचा दिवस म्हणून ओळखला जातो. त्याच सुमाराला तिथे हिवाळ्याची बाहुली करून जाळतात, नदीत बुडवतात. आपल्या शिमग्याच्या जवळचंच प्रकरण. फिनलंडमध्ये तर शेवटच्या वर्षाची मुलं फेब्रुवारीत, परीक्षेच्या अभ्यासाची रजा लागायच्या दिवशी, वेषांतर करून ट्रकमध्ये चढतात आणि गावभर फिरून बघ्यांवर गोळ्या-चॉकलेटं उधळतात. शिक्षक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवतात म्हणे. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी माफीपत्रं लिहून घेतात.

माफीपत्रांचा गठ्ठा हे माझं आवडतं वाचन. एका वर्षी निम्म्या वर्गाच्या पोटात एकाच दिवशी दुखत होतं. पंधरा-वीस जणांच्या मावशीचं लग्न होतं, तेही पौष महिन्यात. पालकांच्या सह्यांत तीन-चार अक्षरांची वळणं आलटून पालटून दिसायची, म्हणजे वर्गात सह्या करण्यात तरबेज तीन-चार जण होते. एकाने मात्र साध्या दोन ओळी लिहिल्या होत्या: सगळे गेले म्हणून मी गेलो, एकटा बसलो असतो तर बरं दिसलं नसतं. ते पत्र मी वर पाठवलं नाही, माझ्याकडेच ठेवलं.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नसतं, हेही सांगायला हवं. 2016 च्या 1 फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं-मुली बुडाली. शिक्षक बरोबर होते, सहल रीतसर होती. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. 2018 च्या 28 जुलैला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत दरीत गेली, तीस माणसं गेली. वाळणकोंड दिसते तेवढी शांत नाही, सावित्रीचा काठही पाय घसरावा असा. त्यानंतर बारावी उठली की मला राग यायच्या आधी पोटात गोळा यायचा. वर्गातली कुणी तरी एक विश्वासू मुलगी मोबाइलवर गुपचूप सांगायची, "सवला आहोत मॅडम, पाण्यात कुणी उतरलं नाही." मी तिचं नाव कधी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात मात्र "काही कल्पना नाही" असं चेहरा न हलवता सांगायचे.

आता त्या मुलीबद्दल, जी एका बंकच्या दिवशी वर्गात बसली होती.

मी सवयीने हजेरीचा कॅटलॉग काखेत मारून वर गेले. वर्ग रिकामा असणार हे माहीत होतं, पण मस्टरवर सही केली की तासाला जायचं, ही जुनी खोड. बघते तर खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी गाव. स्कॉलर नव्हती, पुढे पुढे करणारी नव्हती. मी विचारलं, "अगं, तू नाही गेलीस?"

"कुठे मॅडम?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गावात मोबाइलला रेंज नाही. वस्तीची एसटी पहाटे निघते, त्या गाडीने ती येते, आणि बाकीचे यायच्या आत तासभर स्टँडवर किंवा वर्गात बसून असते. त्या दिवशी बाकीचे आलेच नाहीत. कळल्यावर तिचा चेहरा पडला. मला वाटलं, जाता आलं नाही म्हणून. ती म्हणाली, "आता सगळे म्हणतील मी मुद्दाम बसले." मग थोड्या वेळाने, "तसं कळलं असतं तरी नसते गेले मॅडम. सवहून यायला उशीर झाला तर माझी गाडी जाते. मग रात्री राहायचं कुठे?"

मी कॅटलॉग उघडला. तिच्या नावापुढे 'ए' कमी नव्हते. शेवटच्या दोन तासांना तर ओळच्या ओळ लाल, कारण दुपारची तिची गाडी ते तास संपायच्या आधी सुटायची. सहामाहीनंतर लागलेल्या डिफॉल्टर लिस्टवर तिचं नाव होतं आणि पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम तिला दोनदा ऐकवून झाला होता. तो ऐकवणाऱ्यांत मीही होते. त्या दिवशी मी तास घेतला नाही. तिची प्रेझेंटी लावली असती तर बाकी सगळ्यांना 'ए' लावावा लागला असता, आणि तिलाच त्याचा जाब द्यावा लागला असता. रकान्यात आडवी रेघ मारून वर "तास झाला नाही" असं लिहिलं. तिला म्हटलं, "आज लवकरची कुठली गाडी मिळते का बघ." ती म्हणाली, "नाही मॅडम, लवकरची नसतेच."

तेव्हापासून मी कॅटलॉग वेगळ्या डोळ्यांनी चाळायला लागले. जून-जुलैत कोपऱ्यातल्या गावांची नावं आठ-आठ दिवस लाल असतात: लावणी. ती मुलं परत येतात तेव्हा बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असतात, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, बाकाखाली चपला काढून बसतात. पावसाळ्यात अमुक तारखेला सगळंच लाल: दस्तुरी नाक्यावर पाणी आलेलं. 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला, त्यानंतरचे दिवस पोलादपूरच्या बाजूची नावं लाल. पलीकडचा नवा पूल उभा होता, पण आया मुलांना त्या रस्त्याने पाठवायला धजत नव्हत्या. फेब्रुवारी-मार्चात महाशिवरात्रीनंतर वीरेश्वराचा छबिना, मग शिमगा. मुंबईहून चाकरमानी येतात, पालखी नाचते, आणि ऐन परीक्षेत पोरगा दोन पेपरांच्या मधल्या रात्री ढोल वाजवून सकाळी पेपराला येतो. 2025 पासून बारावीची परीक्षा अलीकडे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तरी शिमगा तिच्या कुठल्या ना कुठल्या टोकाला अडकतोच. या सगळ्यांना एकच अक्षर. त्यातला सबंध वर्गाने मिळून, हसत, आपल्या मर्जीने लावून घेतलेला 'ए' वर्षाला एकच. बाकीचे त्यांच्यावर येऊन पडलेले.

एका बॅचच्या वाट्याला तोही आला नाही. 2020-21 ची बारावी. वर्ग ऑनलाइन, म्हणजे ज्यांच्या घरात रेंज त्यांच्यापुरते. मुलं गावातल्या टेकडीवर, टाकीवर चढून मोबाइल धरायची. बंक मारायचा कशाला, हजेरी होती कुठे? परीक्षा रद्द झाली. दहावीचे तीस टक्के, अकरावीचे तीस, बारावीचे चाळीस असं सूत्र लावून गुण काढायचे ठरलं. आम्ही ते गुण भरून होतो न होतो तोच 22 जुलैचा पूर आला. महाडात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं, त्याच दिवशी तळियेची दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. 3 ऑगस्टला निकाल लागला तेव्हा आम्ही फावड्याने वर्गातला चिखल ओढत होतो. राज्याचा निकाल 99.63 टक्के. पास झाल्याचं सांगायला एक मुलगा आला, तो हातात खराटा घेऊनच. तळमजल्यावरच्या कपाटातले जुने कॅटलॉग लगदा होऊन गेले होते. काही वाळत घातले, पण लाल शाई पसरून सगळी पानं गुलाबी झाली होती. कोण कधी हजर, कोण गैरहजर, काही लागेना.

त्या बॅचनंतर मुलं वर्गात परत आली, पण सगळी नाही आणि पूर्वीसारखी नाही. खरं तर ओहोटी त्याच्याही आधी लागली होती. विज्ञानवाल्यांनी सुरुवात केली. नाव आमच्याकडे, बसणं पनवेलच्या किंवा पुण्याच्या क्लासमध्ये, काही तर लातूरला. नीट आणि सीईटीसाठी वर्षभर तिकडे, इकडे फक्त प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. शासनाने 2018 च्या जूनमध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढला तो याच कारणाने. यंत्रापुढे बोट ठेवायला मूल गावात तर हवं. आमच्या कला-वाणिज्यच्या मुलांना कुणी क्लासला पाठवत नाही. ती एमआयडीसीत ठेकेदाराकडे जातात, हायवेवरच्या हॉटेलांत कामाला लागतात, मोबाइलच्या दुकानात बसतात, डिलिव्हरी करतात. मुली घरी असतात, किंवा लग्न ठरलेलं असतं. कॅटलॉगवर ऐंशी नावं, समोर वीस-बावीस चेहरे, तेही रोज वेगळे. सगळ्यांनी मिळून गायब व्हायचं तर आधी सगळ्यांना एका वर्गात असावं लागतं. आता ठरवणार कोण, कुणाची मनधरणी करणार? पहिल्या बाकावर बसायलाच कुणी नसतं. गेली दोन-तीन वर्षं गॅदरिंगनंतर मी स्टँडवर कान देऊन बसते. कॅन्टीनमध्ये पोरं दिसतात, पण ती जो तो आपापल्या मोबाइलमध्ये.

निरोप समारंभाला मात्र झाडून सगळी येतात. पनवेलची, बिरवाडीची, साखरपुडा झालेली. फोटो असतात ना. काहींची एकमेकांशी ओळख त्या दिवशी होते. मुलांची भाषणं होतात, "या वर्गाच्या आठवणी कधी विसरणार नाही" वगैरे. मी कोपऱ्यात बसून विचार करते, कुठल्या रे?

गेल्या जानेवारीत हजेरीच्या कारणाने पालकांना बोलावलं होतं. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. त्याच्या वेळी सवचा बेत ठरवणारा तोच, सह्या करणाऱ्या तीन-चार जणांतलाही एक असावा असा माझा अंदाज. आता महाडात गॅरेज आहे. बाकावर अवघडून बसला. मुलगा कॉलेजला जातो असं घरी सांगतो, इकडे येत नाही, दिवसभर असतो कुठे तेही कळत नाही. "मॅडम, आम्हीपण दांड्या मारल्या, नाही असं नाही," तो म्हणाला, "पण आम्ही निदान सगळे एका ठिकाणी असायचो हो. हा एकटाच असतो. विचारलं की म्हणतो, वर्गात कुणी नसतं, मी जाऊन काय करू."

"ते खरंच आहे त्याचं," मी म्हटलं.

"मग काय करायचं?"

मी त्याला संमतीपत्रासारखा एक छापील कागद दिला, त्यावर त्याने खरी सही केली. मग सांगितलं, उद्यापासून त्याला पाठव, पण एकट्याला नको, वर्गातले त्याचे दोन मित्र बरोबर घेऊन येऊ दे. तिघे बसले की चौथा येतो.

तो मनात हिशोब करत राहिला. "दोन कुठून आणू मॅडम? एक पनवेलला क्लासला आहे. दुसरा बिरवाडीला कंपनीत लागलाय, नाइट शिफ्ट." मग जरा थांबून म्हणाला, "त्याची शिफ्ट सकाळी सुटते. विचारून बघतो."